तुम्ही विचारलंत म्हणून: हार्डटेलची फ्रेम कुठली घेऊ?

रविवारी सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सायकल टेकवून पाणी प्यायला थांबले की दोन-तीन आठवड्यांतून एकदा तरी कुणीतरी जवळ येतं, फ्रेमच्या नळीवर टिचकी मारून बघतं आणि विचारतं, "ताई, मलाही ट्रेलसाठी हार्डटेल बांधायची आहे. फ्रेम कुठली घेऊ? स्टील घेऊ का अॅल्युमिनियम?" परवा तुम्हीही हेच विचारलंत. मी घाईत होते. "धातूचं नंतर बघू, आधी हेड अँगल बघा," एवढंच म्हणाले आणि निघाले. ते उत्तर अर्धवट होतं, म्हणून आज नीट सांगते.

ट्रेल म्हणजे डोंगरातली कच्ची वाट, आणि हार्डटेल म्हणजे मागे शॉक नसलेली माउंटन बाईक. हार्डटेलच का, यावर वेळ घालवत नाही. तुमचं ते ठरलेलं आहे आणि मला ते पटतं. आपल्याकडे चार महिने चिखल आणि आठ महिने धूळ. मागे शॉक आला की सांधे आले, सांधे आले की प्रत्येकात बेअरिंग आलं, आणि ते दर पावसाळ्यात माती खाणार. हार्डटेलला मागे हलणारं काहीच नसतं. बादलीभर पाणी आणि एक फडकं पुरतं.

माझी पहिली माउंटन बाईक २०१२ सालची. २६ इंची चाकं, पुढे १०० मिलिमीटर दबणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा शॉकचा चिमटा), हँडल त्याला जोडणारं लांबलचक स्टेम आणि ७१ अंशांचा हेड अँगल. फोर्क जमिनीशी जो कोन करतो तो हेड अँगल. तेव्हाच्या बहुतेक हार्डटेल अशाच असायच्या, कारण त्यांची आखणी क्रॉसकंट्री शर्यतीसाठी, चढ पटकन चढण्यासाठी केलेली असे. टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या बाजूला उतरताना कातळाची एक पायरी लागते, गुडघ्याएवढी. पुढचं चाक खाली गेलं, फोर्क पूर्ण दबला आणि मी हँडलवरून पुढे फेकले गेले. डावं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं.

त्या सहा आठवड्यांत मी कागद घेऊन बसले, कारण मला कळायला हवं होतं की नेमकं झालं काय. हार्डटेलमध्ये फोर्क दबतो तेव्हा फक्त पुढचा भाग खाली जातो, मागचा जागेवर राहतो. सगळी सायकल मागच्या चाकाभोवती पुढे कलते आणि कोन आणखी उभा होतो. ढोबळ हिशोब असा की फोर्क २० मिलिमीटर दबला की कोन साधारण एक अंशाने वाढतो. म्हणजे माझी ७१ ची सायकल त्या पायरीवर ७६ ला पोहोचली होती. चाक जवळजवळ माझ्या छातीखाली आलं होतं आणि माझं वजन त्याच्या पुढे गेलं होतं. घाबरून पुढचा ब्रेक दाबला असता तर कदाचित तोंडावरच आपटले असते.

आता माझ्याकडे ६६ अंशांची फ्रेम आहे आणि १२० मिलिमीटरचा फोर्क. तो पूर्ण दबला तरी कोन ७१ च्या जरासा पुढे जातो. जुनी सायकल घरात उभी असताना जिथे होती, तिथे ही सगळ्यात वाईट क्षणी पोहोचते. मी "आधी हेड अँगल बघा" म्हणते ते एवढ्यासाठी.

याच आकड्याचा दुसरा परिणाम हँडलवर कळतो. फोर्कची रेघ जमिनीपर्यंत लांबवली तर ती चाक जिथे टेकतं त्याच्या थोडी पुढे पडते. या अंतराला इंग्रजीतही ट्रेलच म्हणतात, वाटेचा आणि त्याचा संबंध नाही. माझ्या जुन्या सायकलचं हे अंतर साधारण ७३ मिलिमीटर भरलं, आताच्या २९ इंची चाकांच्या सायकलचं ११५ च्या आसपास. अंतर वाढलं की चाक आपणहून सरळ राहायला बघतं. आपल्या वाटा कशा असतात ते तुम्ही बघितलंच आहे: खाली घट्ट कातळ आणि वर सुटा मुरूम, जणू कुणी ज्वारी सांडून ठेवली आहे. अशा जागी दगड लागून हँडल हातातून सुटू बघतं, तेव्हा हे वाढलेलं अंतर हाताला आधार देतं.

मग ६४ अंश आणखी चांगले का? टेकडीसाठी माझं मत नाही असं आहे. इतका पडलेला कोन वेगात, मोठ्या उताराला शोभतो. आपल्याकडे उतार पाच मिनिटांत संपतो आणि त्याआधी अर्धा तास चढायचं असतं. उभ्या चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटायला लागतं, आणि गिरिपुष्पाच्या झाडांमधल्या अरुंद वळणांवर सायकल वळवून घ्यावी लागते. ६५ ते ६६.५ अंश आणि १२० ते १३० मिलिमीटरचा फोर्क, या घरात राहा. बहुतेक वेळ शेतवाटांवर आणि घाटरस्त्यांवर जात असाल तर ६७-६८ सुद्धा उत्तम. फ्रेम १२० च्या फोर्कसाठी आखलेली असेल तर तिला १५० चा लावून कोन पाडायचा मोह टाळा. लांब फोर्क म्हणजे लांब तरफ, आणि तिचा सगळा जोर हेड ट्यूबच्या, म्हणजे फोर्कची दांडी जिच्यातून जाते त्या नळीच्या, जोडावर येतो.

माउंटन बाईक मुळात उतारासाठीच जन्मली, हे मला नेहमी आठवतं. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात ऑक्टोबर १९७६ मध्ये काही मुलांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवायची शर्यत लावली. उतरेपर्यंत मागच्या हबमधल्या (चाकाच्या मध्यभागातल्या) ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागायचा, म्हणून त्या शर्यतीचं नावच रीपॅक पडलं. त्या सगळ्या हार्डटेलच होत्या, पुढेही शॉक नसलेल्या.

हेड अँगलनंतर माप. दुकानात अजूनही "तुम्हाला सतरा इंची बसेल" असं सांगतात. ते सतरा इंच म्हणजे सीट ट्यूबची, सीटखालच्या नळीची, लांबी, आणि ट्रेलवर तिचा फारसा उपयोग नाही, कारण उतारावर आपण सीटवर बसलेलेच नसतो. पॅडलवर उभं राहिल्यावर हँडल किती पुढे आहे ते सांगणारा आकडा म्हणजे रीच: पॅडलच्या मधल्या दांड्यापासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर. माझी उंची पाच फूट तीन इंच. मला ४१५ मिलिमीटर रीच आणि ४० मिलिमीटरचं आखूड स्टेम छान बसतं. पाच फूट सात-आठ इंचांच्या माझ्या मित्रमंडळींना ४४० ते ४५५ बरं वाटतं. हे काही सूत्र नाही, हातांची लांबी आणि सवय यांनी फरक पडतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हे आकडे मागेही शॉक असलेल्या सायकलींच्या आकड्यांशी थेट ताडून बघू नका. तुम्ही हार्डटेलवर बसलात की फोर्क पंचवीस-तीस मिलिमीटर दबतो, पुढचा भाग खाली जातो, हेड अँगल आणि सीटचा कोन दोन्ही अंश-सव्वा अंशाने उभे होतात आणि रीच सेंटीमीटरभर वाढतो. म्हणून शॉकवाल्या सायकलीला ७७ अंशांचा सीटचा कोन चांगला म्हणतात तिथे हार्डटेलला ७४-७५ पुरतो. काही कंपन्या फोर्क दबलेला धरून आकडे छापतात. तक्त्याखालची बारीक अक्षरातली ओळ वाचून घ्या.

बुटक्या माणसांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, सीट ट्यूब आखूड आणि सरळ असणं फार महत्त्वाचं आहे. उतारावर सीट खाली जावी म्हणून ड्रॉपर, म्हणजे कळ दाबून खाली-वर होणारा सीटचा दांडा, लावायचा तर तो नळीत खोलवर उतरायला हवा. नळी मध्येच वाकवलेली असेल किंवा बाटलीचा बोल्ट आत आडवा आलेला असेल तर तो अडतो. नळीचं आतलं माप ३०.९ किंवा ३१.६ मिलिमीटर असू द्या. २७.२ मध्ये ड्रॉपर मिळतात, पण निवड फार थोडी.

आता मापांचा तो भाग, जिथे माझे पैसे गेले. पडल्यानंतर मला वाटलं, फोर्क बदलला की काम होईल. बंगळुरूहून एक चांगला वापरलेला फोर्क मागवला. "बसेल, बसेल," असं दुकानात सांगितलं होतं. बसला नाही. नव्या फोर्कची दांडी खाली दीड इंच आणि वर सव्वा इंचाहून थोडी कमी, म्हणजे खाली जाड होत जाणारी. माझ्या फ्रेमची हेड ट्यूब जुन्या पद्धतीची, वरपासून खालपर्यंत एकाच अरुंद मापाची. कुठलाही कप (बेअरिंगची वाटी) लावून ती दांडी त्यात जाणं शक्य नव्हतं. फोर्क दोन वर्षं माळ्यावर पडून होता.

म्हणून फ्रेम घेताना हेड ट्यूबचं माप आधी विचारा. वर ४४ आणि खाली ५६ मिलिमीटर असेल तर आजचा जवळपास कुठलाही ट्रेल फोर्क बसतो. वर-खाली ४४ असेल तरी खालचा कप बाहेर ठेवून जमतं. ३४ असेल तर फ्रेम फुकट मिळाली तरी ट्रेलसाठी नको. मागच्या एक्सलचं माप १४८ मिलिमीटर घ्या. १४२ ची चाकं मिळतात, पण पर्याय कमी होत चाललेत, आणि १३५ ची साधी क्विक रिलीज आता सोडून द्या. मधल्या दांड्याची बेअरिंगं आट्यांवर बसणारी असावीत, दाबून बसवलेली नकोत. धूळ शिरली की दाबून बसवलेली करकरायला लागतात आणि काढायला वेगळी हत्यारं लागतात. गिअरचा हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा) एसआरएएम या कंपनीने २०१९ साली आणलेल्या यूडीएच मापाचा असेल तर उत्तम, कारण तो अनेक कंपन्यांच्या फ्रेमला चालतो. दुसरा कुठला असेल तर फ्रेमबरोबरच दोन जास्तीचे मागवून ठेवा. दगडाला आपटून हँगर वाकतो तेव्हा नेमका सीझन सुरू असतो आणि तो भाग बाहेरून यायला महिना लागतो.

मागच्या चाकाभोवतीची जागा कागदावर न बघता डोळ्यांनी बघा. २.४ इंची टायर बसतो एवढं पुरत नाही. पावसात शेतवाटेवरची काळी माती टायरला चिकटते, थरावर थर चढत जातात आणि फ्रेमच्या नळ्यांमध्ये अडकून चाक जाम होतं. मग सायकल खांद्यावर. टायरच्या दोन्ही बाजूंना करंगळी सहज जाईल एवढी जागा हवी. माती घासून नळीवरचा रंगही जातो, आणि वर्षानुवर्षं घासत राहिली तर धातूही.

आता तुमचा मूळ प्रश्न. "स्टील मऊ चालतं, अॅल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं," हे मी सुरुवातीपासून ऐकत आलेय. त्यात तथ्य आहे, पण सांगतात तेवढं नाही. अॅल्युमिनियमचं वजन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश आणि ताठपणाही साधारण तेवढाच. ती कसर भरून काढायला अॅल्युमिनियमच्या नळ्या मोठ्या व्यासाच्या करतात, आणि व्यास वाढला की ताठपणा झपाट्याने वाढतो. फ्रेम कडक लागते ती या व्यासामुळे. आणि ट्रेलवर तुमच्या खाली २.४ इंची टायर असतो. तो ट्यूबलेस करून हवा ३५ पीएसआयवरून २२ वर आणली तेव्हा मला जो फरक जाणवला, तेवढा फ्रेमच्या धातूने कधीच जाणवला नाही. (ट्यूबलेस तसंही कराच. बाभळीचे काटे कुणाला सोडत नाहीत.)

तरीही मी स्टील घेतलं, ४१३० क्रोमोलीचं. अॅल्युमिनियमपेक्षा सात-आठशे ग्रॅम जास्त, म्हणजे भरलेल्या बाटलीएवढं. ते मी मान्य केलं, कारण ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी स्टील थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नसते. शिवाय स्टील तुटलं तर जोडता येतं. पण "कुठलाही वेल्डर जोडून देईल" हे खरं मानू नका. चांगल्या फ्रेमच्या नळीची भिंत मध्ये मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. गेट आणि ग्रिल करणाऱ्याच्या आर्क वेल्डिंगने तिला भोक पडेल. टिग वेल्डिंगचा हात असलेला किंवा पितळी डाग देणारा कारागीर शोधावा लागतो. ६०६१ अॅल्युमिनियम जोडल्यावर फ्रेमला पुन्हा भट्टीतली उष्णताप्रक्रिया द्यावी लागते, नाहीतर जोडाशेजारचा धातू मऊच राहतो.

स्टीलचा शत्रू आतला गंज. दर जूनच्या आधी मी सीटपोस्ट काढते, रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल नळ्यांमध्ये सोडते, फ्रेम चारी बाजूंनी फिरवते आणि दोन दिवस उलटी टांगते. आत पातळ पापुद्रा धरतो. एवढी निगा होणार नसेल तर सरळ अॅल्युमिनियम घ्या, त्यात काही कमीपणा नाही. टायटॅनियम गंजत नाही आणि सुंदर असतं. परवडत असेल तर विचारायलाच नको. कार्बन शर्यतीसाठी घ्या. डाउन ट्यूबवर, म्हणजे खालच्या तिरक्या नळीवर, दगड आपटल्याचा आवाज आला की कार्बनवर माझं मन उतार संपेपर्यंत जागेवर राहत नाही.

जुनी फ्रेम घेणार असाल तर टॉर्च घेऊन जा. हेड ट्यूबच्या मागे खालची नळी जुळते तो जोड, सीट ट्यूबचा गळा आणि मागच्या एक्सलजवळचे जोड स्वच्छ पुसून बघा. रंगात केसाएवढी रेघ दिसली आणि नख फिरवल्यावर ती लागली, तर कितीही स्वस्त असली तरी सोडा.

कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. मॉडेल दर वर्षी बदलतात, आणि वरचे आकडे प्रत्येक कंपनीच्या तक्त्यात असतात. तुमच्या मनात ज्या दोन-तीन फ्रेम असतील त्यांचे तक्ते घेऊन येत्या रविवारी या. तुमची उंची माझ्यापेक्षा बरीच जास्त दिसते, तेव्हा माझी सायकल तुम्हाला आखूड पडेल. पण सीट पूर्ण खाली करून, पॅडलवर उभं राहून त्या पायरीवरून एकदा उतरून बघा. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घालून या. आधी वर उभे राहून वाट बघून घ्या, मी खाली थांबते.