फेंटरमीनचे माझे बारा आठवडे

मी न्यू जर्सीत राहते, उंची ५ फूट २, वजन ८४ किलो, दुसऱ्या बाळंतपणात जे चढलं ते उतरायचं नावच घेईना. शेवटी डॉक्टरकडे गेले. इथे ही भूक कमी करायची गोळी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० किंवा वर असेल तर देतात, नाहीतर २७ आणि जोडीला बीपी-शुगर वगैरे काही. माझा ३४ च्या आसपास. तिने आधी खोदून खोदून विचारलं, हार्टचं काही, थायरॉईड, काचबिंदू, डिप्रेशनची औषधं, परत दिवस गेलेत का, बाळ अजून अंगावर पितंय का. सगळ्याला नाही म्हटल्यावर ईसीजी काढला, आणि मग कुठे प्रिस्क्रिप्शन.

नवऱ्याने गुगल करून १९९७ चं फेन-फेन (फेनफ्लुरामीन आणि फेंटरमीन एकत्र द्यायचे ते) प्रकरण काढलं आणि मला घाबरवून सोडलं. डॉक्टर म्हणाली, तेव्हा हार्टच्या व्हॉल्व्हच्या त्रासामुळे बाजारातून काढलं ते फेनफ्लुरामीन, फेंटरमीन तर १९५९ पासून चालू आहे, पण थोड्याच आठवड्यांसाठी, कायमचं नाही.

पहिल्याच आठवड्यात भूक अशी गायब की दुपारचे तीन वाजले तरी डबा उघडायची आठवण नाही, आणि मी बावळट खूश! चौथ्या दिवशी जिना चढताना गरगरलं. तेव्हापासून मोबाईलवर अलार्म, भूक असो नसो एक वाजता वरण, भाजी, एक पोळी. तोंडाला सतत कोरड, पोट साफ होईना, म्हणून पाण्याची बाटली कायम हाताशी आणि चहा चारवरून एकावर (हे सगळ्यात जड गेलं, खरं सांगते). एका शनिवारी उशिरा उठले आणि गोळी दुपारी घेतली, तर रात्री तीनला टक्क जागी, छातीत धडधड. पुन्हा तसं केलं नाही, सकाळची चुकली की त्या दिवशी सुट्टी. ओट्यावर मिक्सरशेजारी बीपीचं मशीन आणि वही. सर्दी झाली तेव्हा नेहमीची नाक मोकळं करणारी गोळी घेणारच होते, आधी फार्मसिस्टला विचारलं म्हणून बरं, तीही बीपी चढवते.

बारा आठवड्यांत सहा किलो गेले. बंद केल्यावर भूक व्याजासकट परत आली आणि दीड किलो चढलंसुद्धा.

पुण्याहून ताई म्हणाली, उरल्या असतील तर चार गोळ्या घेऊन ये ना. तिला बीपी आहे. चुकलेल्या दिवसांच्या सात गोळ्या होत्या, त्या फार्मसीतल्या उरलेली औषधं टाकायच्या डब्यात टाकून आले आणि मग तिला फोन लावला.