हरणी आणि पन्नास हात

२७ ऑक्टोबर

कोल्हापूरच्या कुत्र्यांच्या शोमधून रात्री साडेनऊला सांगलीत परत आलो. हरणीला भाकरी-दूध दिलं, पाय पुसले आणि ही वही काढली. आज जे झालं ते आजच लिहून ठेवलं पाहिजे.

हरणी आठ महिन्यांची आहे. कारवान जातीची कुत्री, फॉन (फिका तपकिरी) रंग, छातीवर पांढरा ठिपका. केनेल क्लबच्या कागदावर कॅरव्हॅन हाउंड, सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ, आमच्या जत-आटपाडीकडे नुसतं कारवान. जूनमध्ये चार महिन्यांची असताना घरी आली. वंशावळीचे कागद पूर्ण, मायक्रोचिप बसवलेली, आई-बाप दोघंही शोमध्ये उभे राहिलेले. सहा ते बारा महिन्यांच्या पपी क्लासमध्ये तिचं नाव घातलं होतं.

रिंगमध्ये, म्हणजे परीक्षणाच्या आखलेल्या जागेत, गेलो तेव्हा ती देखणी दिसत होती. गोल फेरी नीट झाली. मग परीक्षक तपासायला आले. त्यांनी हात पुढे केला तशी हरणी मागे सरली. दुसऱ्यांदा त्यांनी बाजूने प्रयत्न केला, तर ती माझ्या दोन पायांमध्ये शिरून अंग आक्रसून बसली. ना गुरगुरली, ना दात दाखवले. फक्त हात लावू दिला नाही. हात लागला नाही तर दात कसे बघणार, खांद्याचा कोन कसा चाचपणार, फासळ्या आणि कंबर कशी पारखणार? क्रमांकाशिवाय बाहेर आलो.

रिंग संपल्यावर परीक्षकांनी मला थांबवलं. म्हणाले, "जनावर चांगलं आहे. पन्नास माणसांच्या हाताखालून घालून आणा, मग बघू." बाकी काही नाही. पण एवढं सांगायला ते थांबले, याचं मला फार वाटलं.

पन्नास. आजपासून मोजणार.

२९ ऑक्टोबर

चूक कुठे झाली याचा विचार करतोय. ही जात परक्याच्या हाताला राजी नसते, हे जातीच्या वर्णनातच लिहिलेलं असतं. मला ते माहीत होतं आणि तरी चार महिने मी फक्त स्टॅक (परीक्षकासमोर ठरावीक ढबीत उभं राहणं) आणि चाल यांवर घालवले. पाय कसे ठेवायचे, मान कशी उंच, शो-लीड (शोचा बारीक पट्टा) कानामागे कशी घट्ट, हे सगळं ती माझ्या हाताखाली बिनचूक करते. माझ्याच हाताखाली. घरी आई आणि धाकटा पुतण्या सोडला तर तिला हात लावणारं कुणी नव्हतं.

दुसरी गोष्ट जूनमधली. एका दवाखान्यात लस टोचताना दोघांनी मिळून तिला मानेला आणि मागून दाबून धरलं. मीही गप्प राहिलो, वाटलं पटकन होऊन जाईल. त्यानंतर तिच्या डोक्यावरून कुणाचा हात आला की ती मान खाली घालते. त्या दिवशी मी मध्ये पडायला हवं होतं. नवीन पिल्लू घेणाऱ्यांनी हे वाचलंत तर एवढं जरूर करा: पहिल्या लशीला कलेजी खिशात न्या, आणि टोचणाऱ्याला पाच मिनिटं थांबायला सांगा.

३ नोव्हेंबर

आत्याकडे जत तालुक्यात गेलो होतो, हरणी बरोबर. आत्याच्या शेजारी मेंढरं राखणारे एक आबा आहेत, वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या घराण्यात कारवान पिढ्यान्‌पिढ्या. पूर्वी सशामागे सोडायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते बंद व्हायला हवं होतं, ते बऱ्याच उशिरा झालं असं आबा स्वतःच सांगतात. आता त्यांची कुत्री मेंढरांच्या वाड्यावर राखणीला असतात.

आबा हरणीकडे आलेच नाहीत. बांधावर बसले, तिच्याकडे पाठ करून, हात मांडीवर उलटा टाकून. माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलत राहिले. दहाएक मिनिटांनी हरणी आपणहून गेली आणि त्यांची बोटं हुंगली. त्यांनी तरीही हात हलवला नाही. तिसऱ्यांदा हुंगल्यावर त्यांनी खालून, हनुवटीखालून, दोन बोटं वर नेली. ती उभी राहिली.

"पाव्हणं," आबा म्हणाले, "ह्या जनावराच्या डोस्क्यावनं हात न्यायचा न्हाई. आदी त्येच्या नाकाला इचारायचं."

मग त्यांनी त्यांचा नर दाखवला. तीन वर्षांचा, काळसर, छाती कोपरापर्यंत खोल, पोट वर ओढलेलं, कंबरेला हलकी कमान, शेपूट लांब, सडपातळ, खाली सोडलेली. चालायला लागला की पुढचे पाय उचलून टाकतो, पण जमीन सोडून उडत नाही. असा पुढा मी रिंगमध्ये अजून पाहिलेला नाही. त्याला कागद नाहीत. त्याच्या बापालाही नव्हते. त्यामुळे आज तो रिंगमध्ये हरणीशेजारी उभा राहू शकत नाही. मला हे फार लागतं. आमच्या भागात शर्यतीसाठी ग्रेहाउंडची मिसळ इतकी झाली आहे की शुद्ध रक्त कुठे उरलं असेल तर अशा वाड्यांवरच. वेग वाढतो म्हणून लोक मिसळ करतात. पण कारवान काटक्या माळावर, उन्हात, भाकरीवर जगणारं जनावर आहे, आणि मिसळीत आधी जातो तो हा चिवटपणा, असं आबांचं म्हणणं. त्यांनी जेवढी कुत्री पाहिली तेवढी मी पाहिलेली नाहीत, तेव्हा त्यांचं मी मानतो.

हात: १ (आबा).

४ ते १२ नोव्हेंबर

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात वह्या लिहितो. मालकांना विचारलं, हरणीला दुपारी तासभर गोदामाच्या दाराशी आणू का? ते "आणा की" म्हणाले. दुकानात दिवसभरात चाळीस-पन्नास माणसं येतात: हमाल, तोलाईवाले, टेम्पोवाले, कर्नाटकातले शेतकरी. हात मिळवायला यापेक्षा चांगली जागा सांगलीत नसेल.

पद्धत अशी ठरवली. कोंबडीची कलेजी बिनमिठाची उकडून, मंद आचेवर तव्यावर सुकवून, शेंगदाण्याएवढे तुकडे. आधी माणसाचा हात, मग माझ्याकडून कलेजी. हा क्रम उलटा करायचा नाही. पहिले दोन दिवस मी उलटा केला होता: कलेजी दाखवायची आणि ती खात असताना माणसाने हात लावायचा. तिसऱ्या दिवशी हरणीने कलेजी बघूनच तोंड फिरवलं, कारण कलेजी आली की परका हात येतो हे ती शिकली होती. क्रम बदलला आणि चार दिवसांत हात आला की ती माझ्याकडे बघायला लागली. ज्यांची कुत्री रिंगमध्ये मागे सरतात त्यांनी एवढा एकच बदल करून बघावा.

पहिला हात हनुवटीखाली, एक सेकंद. मग खांद्यावर. मग पाठीवरून कंबरेपर्यंत. दात सगळ्यात शेवटी.

आमचे मुकादम तात्या सगळ्यात आधी तयार झाले. त्यांना मी हरणीची गोष्ट सांगितली: मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी या जातीची जोडी इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला दिली होती, आणि २००५ साली टपाल खात्याने जी चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत मुधोळ होतं. त्यानंतर तात्या येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तिकिटाची गोष्ट सांगून हात लावायला बोलावतात. माझं निम्मं काम त्यांनीच केलं.

हात: १९.

१३ नोव्हेंबर

हमालांचे हात हळदीचे. हरणीच्या छातीचा पांढरा ठिपका पिवळाजर्द झाला आहे, कंबरेवर पाच बोटं उमटली आहेत. शाम्पूने निघेना. आई म्हणाली, उन्हात बसव. लुगड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो, तसा हाही उडेल. दोन दिवस गच्चीवर सकाळच्या उन्हात बसवली आणि खरंच फिका झाला.

१७ नोव्हेंबर

माजावर आली. पहिला माज, नवव्या महिन्यात. यार्डातली भटकी कुत्री लक्षात घेता तीन आठवडे बाहेर नेणं बंद. नोव्हेंबरअखेरच्या शोला नाव घालणार होतो, तेही रद्द केलं.

घरात वेगळा सराव चालू. पुतण्या रेनकोट घालून येतो, आई गॉगल लावून, कधी छत्री उघडून. शोमध्ये टोपी, गॉगल, कोट, गळ्यातलं कार्ड लोंबणारं असं काहीही असतं. ओळखीचा माणूस अनोळखी दिसतो तेव्हा ती आधी थबकते, मग नाकाने विचारते. नाकाने विचारायला मी तिला आता वेळ देतो.

१० डिसेंबर

पुन्हा बाहेर. आता चाल.

पहाटे साडेपाचला यार्डाचे रस्ते मोकळे असतात. व्हिडिओ काढायला पुतण्याला उठवलं. बघितलं तर हळू चालताना हरणी एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकते, उंटासारखी डुलते. रिंगमध्ये हवी ती दुडकी, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा बरोबर. माझीच चाल मंद पडत होती, म्हणून ती त्या डुलण्यात उतरायची. लीड हलकी वर उचलून पहिल्या तीन पावलांतच वेग घेतला की ती सरळ दुडकीत जाते. मोठी पावलं, कमी पावलं. मी बारकी पावलं टाकली की तीही तुटक चालते.

डांबरावर रोज नाही. आठवड्यातून तीन दिवस कृष्णाकाठच्या मऊ मातीवर. रिंग बहुधा गवतावर किंवा मॅटवर असते, तिथली पकड वेगळी, म्हणून एकदा पुतण्याच्या शाळेच्या मैदानावरही नेलं.

वजन २१ किलो. शेवटच्या फासळ्या आणि पुठ्ठ्याची हाडं दिसतात. रस्त्यात रोज कुणीतरी विचारतं, "उपाशी ठेवता का हो?" नाही. सकाळी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, एक अंडं, संध्याकाळी चिकन-भात. या जातीची हाडं अशीच दिसायला हवीत.

२४ डिसेंबर

हात: ४१.

आज पहिल्यांदा अनोळखी माणसाने ओठ उचलून दात बघितले. विजापूरकडचे एक शेतकरी, बैलाचे दात बघायची सवय असलेले. एका हाताने जबडा धरला, दुसऱ्याच्या अंगठ्याने ओठ वर केला, दोन सेकंदांत सोडला. इतक्या सफाईने की हरणीला कळायच्या आत झालं. मी त्यांना पुन्हा पुन्हा करायला लावलं, सहा वेळा. वरचे दात खालच्यांवर कात्रीसारखे बसतात, हे त्यांनीही मान हलवून मान्य केलं.

६ जानेवारी

हात: ५३. पन्नासावा हात यार्डासमोरच्या चहावाल्या मावशींचा होता. "बघू गं बाई," म्हणत त्यांनी सरळ डोक्यावरून हात फिरवला, मी थांबवायच्या आत. हरणीने मान खाली घातली नाही.

१९ जानेवारी

पुण्याचा शो. पहाटे तीनला गाडी काढली. वाटेत साताऱ्याला थांबून तिला फिरवलं, थंडी कडाक्याची होती, अंगावर गोधडी घातली. रिंगपासून दूर, झाडाखाली चटई टाकून दोन तास नुसती बसवली. ऑक्टोबरमध्ये मी गाडीतून उतरून तासाभरात रिंगमध्ये नेली होती.

पपी क्लास मादी, तीन कुत्र्या. दंडाला नंबर लावला. फेरी झाली, हरणी पहिल्याच पावलात दुडकीत गेली. मग आम्ही स्टॅकला उभे राहिलो. पुढचे पाय खांद्याखाली सरळ, मागचे किंचित मागे, मान उंच. परीक्षक बाई होत्या, डोक्यावर रुंद काठाची टोपी, डोळ्यांवर गॉगल. समोरून आल्या आणि त्यांचा हात हनुवटीखाली गेला. हरणीने एकदा हुंगलं. मग माझ्याकडे बघितलं.

दात. कान. खांदा. फासळ्या. कंबर. मागचे पाय. मी श्वास घ्यायचा विसरलो होतो. बाई मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "थँक यू. त्रिकोण करा." म्हणजे त्रिकोणात चालवून दाखवा.

तीनपैकी दुसरा क्रमांक. पहिली आलेली कुत्री चालीत सरस होती, वादच नाही. समोरून येताना तिचे पाय एका रेषेत पडत होते. हरणीची पुढची पावलं किंचित बाहेर वळतात, मनगटं अजून सैल आहेत. बाईंनी तेच सांगितलं, आणि कंबर फार आवडली म्हणाल्या. वाढीचं वय आहे, वर्षभराने पुन्हा दाखवा म्हणाल्या.

२१ जानेवारी

आज यार्डात दुसऱ्या क्रमांकाची रिबन नेली. तात्यांनी ती तराजूच्या खिळ्याला अडकवली आहे.

मनगटांसाठी रोज वीस मिनिटं नदीकाठच्या चढावर चालणं सुरू केलं. आता ज्युनिअर क्लास, बारा ते अठरा महिने. त्याआधी रविवारी जतला जाणार आहे. आबांचा तो नर उभा कसा राहतो आणि चालतो कसा, याचा बाजूने आणि समोरून व्हिडिओ काढायचा आहे, आणि हरणीला त्याच्याशेजारी त्याच चढावर चालवून बघायचं आहे.