मावशींचा अंगठा

पेठ तालुक्यातल्या आमच्या गावात माझं रेशनचं दुकान आहे. अंगठ्याचा ठसा आधारशी जुळवून पाहणारं ई-पॉस मशीन आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पूर्वी एकाच्या कार्डावर दुसराच धान्य उचलायचा आणि बोल दुकानदाराला लागायचा. मशीनने ते थांबवलं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एक मावशी आल्या. अंत्योदयचं कार्ड, महिन्याला 35 किलो, 2023पासून तेही मोफत. दिंडोरीकडे द्राक्षबागेत गोडी छाटणीला, म्हणजे फळं धरण्यासाठीच्या छाटणीला, गेल्या होत्या. मुकादमाकडून एका दिवसाची रजा मागून आल्या होत्या.

अंगठा ठेवला, जुळला नाही. मग दुसरी बोटं, मग डावा हात. हात धुऊन आल्या, खोबरेल चोळलं, पुन्हा तेच. शेवटी मी त्यांचा हात दारातल्या उजेडात धरला. छाटणीनंतर वेलीच्या काडीवरचे डोळे फुटून कोंब यावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात, ती कातडीला लागली की कातडं सोलवटतं. हातमोजे दुसऱ्याच दिवशी फाटले होते. अंगठ्याचं टोक गुळगुळीत, रेघ म्हणून नाही.

“भाऊ, अंगठा माझाच आहे ना?” त्या मला विचारत होत्या.

ओटीपी मागवावा तर आधारला जोडलेलं सिम कधीच बंद पडलेलं. बुबुळ तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही. ठसा जुळला नाही म्हणून कुणाचं धान्य अडवायचं नाही, असा नियम आहे. वर फोन लावला, तर “उद्या बघू.”

कार्डावर त्यांच्या मुलीचंही नाव होतं. ती आश्रमशाळेत, सातवीत. मावशी जीपने तिकडे गेल्या, दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आल्या. तिचा अंगठा पहिल्याच वेळी जुळला.

दोन दिवसांचा रोज गेला, जीपचं भाडं गेलं, पोरीची शाळा बुडाली. मशीनच्या नोंदीत यातलं काहीच नाही. आमच्याकडे धो धो पाऊस पडतो, दमणगंगेतून खाली गुजरातेत वाहून जातो, आणि भात निघाला की गावात काम उरत नाही. म्हणून हे हात दुसऱ्याच्या बागेत झिजतात. त्यावर कुठलं मशीन बसवणार? मी हे बैठकीतही बोललो, पुन्हा बोलेन.

पोतं उचलताना मुलीने विचारलं, “काका, पुढच्या महिन्यातही मलाच यावं लागेल का?”

मी हो म्हणालो.