मुलुंड की व्हाइटफील्ड: घरभाड्याचा हिशेब

२०२२ च्या उन्हाळ्यात कंपनीने मला मुंबईतील विक्रोळी आणि बंगळुरूतील व्हाइटफील्ड यांपैकी एक कार्यालय निवडण्याची मुभा दिली. मूळ वेतन दोन्हीकडे ४५,००० रुपयेच असल्याने सारा निर्णय घरभाड्यावर येऊन ठेपला. विक्रोळीजवळच्या मुलुंडला वन बीएचके २६,००० रुपयांना मिळत होते, तर व्हाइटफील्डला त्याहून ऐसपैस घर १८,००० रुपयांना. हा ८,००० रुपयांचा फरक प्रत्यक्षात कितपत खरा आहे, हे मला तपासायचे होते.

मुलुंडच्या घरासाठी एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली होती. अकरा महिन्यांच्या करारावर ती वाटली, तर दरमहा सुमारे २,३६० रुपये पडत होते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची असल्यामुळे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क मिळून पावणेदोन हजारांच्या आसपास खर्च होता, पण तो फारसा जाणवणारा नव्हता. बंगळुरूचे घर ओळखीतून मिळत असल्याने तिथे दलाली नव्हती. मात्र सोसायटीचा देखभाल खर्च, म्हणजे २,५०० रुपये, भाडेकरूनेच द्यायचा होता आणि घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून कापले जाणार होते.

प्राप्तिकराची बाजू मात्र अनपेक्षित निघाली. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावरील सूट तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेइतकी मिळते: प्रत्यक्ष भत्ता, मूळ वेतनाचा दहावा हिस्सा वजा केलेले भाडे, आणि मूळ वेतनाचा ठरावीक हिस्सा. हा हिस्सा तेव्हा मुंबईसाठी ५० टक्के, तर बंगळुरूसाठी ४० टक्के होता. बंगळुरूत या नियमामुळे नुकसान होईल, असे सगळे सांगत होते. परंतु १८,००० मधून ४,५०० वजा जाता उरणारे १३,५०० रुपये ४० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा कमीच असल्याने त्या मर्यादेचा मला काहीच फरक पडत नव्हता. उलट मुलुंड चेकनाका ओलांडून ठाण्यात तेवढ्याच भाड्याचे घर घेतले असते, तर ते मुंबईत धरले न गेल्याने ४० टक्क्यांचीच मर्यादा लागून दरमहा सूट २१,५०० वरून १८,००० रुपयांवर आली असती. भाड्याचा विचार करताना महापालिकेची हद्द पाहावी लागेल, हे कोणाला सुचणार?

डिपॉझिटवर बुडणारे व्याज धरून आणि २० टक्के टप्प्यातील करबचत वजा करून मुलुंड दरमहा सुमारे २४,४०० रुपयांना, तर व्हाइटफील्ड २०,१५० रुपयांना पडत होते. आठ हजारांचा फरक सव्वाचार हजारांवर आला होता.

खरी अडचण वेगळीच होती. मुलुंडला तीन महिन्यांचे डिपॉझिट, दलाली, पहिले भाडे आणि नोंदणी मिळून सुरुवातीला सुमारे १,३२,००० रुपये लागणार होते. बंगळुरूच्या मालकाने जुन्या रिवाजाप्रमाणे दहा महिन्यांचे डिपॉझिट मागितल्यामुळे तिथे १,९८,००० रुपये लागत होते. माझी शिल्लक दीड लाख होती. म्हणजे स्वस्त शहरात पाऊल ठेवायलाच मला कर्ज काढावे लागणार होते, आणि दरमहा भाड्याच्या कोणत्याही तक्त्यात ही गोष्ट दिसत नाही.

म्हणून मी भाड्यावर घासाघीस न करता डिपॉझिटवर केली. कंपनीचे पत्र दाखवून आणि भाडे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला देण्याचे कबूल करून ते सहा महिन्यांवर आणले. रंगकामाची कपात एका भाड्याहून अधिक नसेल, असे करारात लिहून घेतले आणि व्हाइटफील्डला होकार कळवला.