पऱ्हाटी आणि वीज
विदर्भात कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली वाळकी झाडे, उपटली जाते. थोडी चुलीत जाते, बरीचशी धुऱ्यावर (बांधावर) पेटवली जाते. गुलाबी बोंडअळीला थारा मिळू नये म्हणून ती वेळेत हलवावीच लागते. तिच्यापासून वीज करता येते, पण ते सोपे नाही. साखर कारखान्यांचे बरे असते: उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के भरणारे चिपाड आपसूक बॉयलरपाशी येते, म्हणून सहवीजनिर्मिती (कारखान्याच्याच वाफेवर वीज बनवणे) तेथे रुजली. पऱ्हाटी मात्र विखुरलेली आणि जागा अडवणारी असल्याने तिची वाहतूकच महाग पडते. केंद्राच्या २०२१ च्या धोरणाने औष्णिक वीजकेंद्रांत कोळशासोबत ५ टक्के जैवभार (पऱ्हाटीसारखा शेतातला काडीकचरा) जाळण्याची अट घातली असली, तरी गावातच कुट्टी करण्याची सोय आणि परवडणारा भाव मिळाल्याशिवाय शेतकरी पऱ्हाटी पेटवणे थांबवणार नाही, असे मला वाटते. जैवभार म्हणून जंगलातला पालापाचोळा मात्र उचलू नये. तेथून काही आणायचेच तर आधी माजलेली घाणेरीची (लँटानाची) झुडपे आणावीत.