पुण्याच्या भिंतीवर अमेरिकन ड्रिल

ओहायोत घर घेतल्यावर पहिल्याच हिवाळ्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. प्लंबर आला, वीस मिनिटं सिंकखाली डोकं घालून होता आणि १८० डॉलरचं बिल ठेवून गेला. त्यानं बदललेला भाग मी नंतर दुकानात जाऊन बघितला. १२ डॉलर. दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहिणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला त्या रात्री झोप लागणं शक्यच नव्हतं.

तेव्हापासून घरातली किरकोळ कामं मीच करते. नळ, फ्लश, रंग, भिंतीला पडलेली भोकं, सगळं. तिकडे त्याचं कौतुकही कोणाला नसतं, कारण शेजारीपाजारी सगळेच करतात. काही गावांत तर हत्यारांची लायब्ररी असते, पुस्तकासारखी करवत घरी न्यायची आणि परत आणून द्यायची. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या सार्वजनिक वाचनालयात ही सोय १९७९ पासून आहे.

त्यामुळे या जुलैत पाच आठवडे पुण्याला आले तेव्हा अंगात जरा वारंच शिरलं होतं. सहकारनगरातला आमचा फ्लॅट १९८६ चा. आल्या आल्या यादी केली: स्वयंपाकघरात फळी, बाथरूमचा गळका नळ, हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर, बेडरूमच्या छताशी आलेली ओल. बाबांनी चष्मा लावून यादी वाचली आणि विचारलं, "मामांना फोन करू का?" मामा म्हणजे गेली तीस वर्षं आमच्या बिल्डिंगची सगळी कामं करणारे मिस्त्री. मी म्हटलं, काही गरज नाही.

पहिला दिवस चार्जरनं खाल्ला. ड्रिल मी तिकडूनच आणलं होतं, बॅटरीवर चालणारं. (लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच घ्याव्या लागतात, मोठ्या बॅगेत चालत नाहीत.) चार्जरला पिन बदलायचा ॲडॅप्टर लावला, सॉकेटमध्ये खुपसला आणि फट्. चार्जरच्या पोटावर बारीक अक्षरात छापलेलं होतं: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३०. ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेजला हात लावत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण फोन आणि लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० सगळं मुकाट पचवतात, त्यामुळे वाचायची सवयच मोडलेली. तिकडून मिक्सर, हेअर ड्रायर किंवा हत्यारं आणणाऱ्यांनी पोटावरचा आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नये. बाबा आतून ओरडले, "वास कसला येतोय गं?"

मग शेजारच्या काकांचं ड्रिल मशीन आणलं आणि फळीकडे वळले. आता हे जरा सविस्तर सांगते, कारण यूट्यूबवर दुरुस्तीचे व्हिडिओ बघून उत्साहात येणारे खूप आहेत आणि त्यातले बरेचसे व्हिडिओ अमेरिकन घरातले असतात. ते घर म्हणजे आत लाकडाचा सांगाडा आणि त्यावर साधारण अर्धा इंच जाडीचे जिप्समचे बोर्ड. सांगाड्याचे उभे दांडे बहुतेक दर १६ इंचांवर. काही जड लावायचं तर आधी दांडा शोधायचा. भिंतीवर बोटानं टकटक करत सरकायचं, पोकळ आवाज भरीव झाला की स्क्रू तिथे. मी सवयीनं आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टकटक करत निघाले. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत भरीव. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "आत कोणी आहे का?"

विटांच्या भिंतीत दांडे शोधायचे नसतात, तिचं शास्त्र वेगळं. भोक पाडायचं, भोकात प्लग (स्क्रूला पकड देणारी छोटी नळी) ठोकायचा, प्लगात स्क्रू. बिट (ड्रिलमध्ये बसतं ते भोक पाडणारं अवजार) काँक्रीटसाठीचंच हवं, टोकाला चपटं पातं असलेलं, आणि मशीन हॅमरवर, म्हणजे फिरता फिरता ठोके मारणारं. लाकडासाठीचं बिट लावलंत तर भिंतीला काही होणार नाही, बिट मात्र लाल होऊन बसेल. प्लगच्या मापाचं बिट घ्यायचं आणि प्लग जेवढा लांब त्याच्यापेक्षा थोडं पुढे बिटाला चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे किती आत गेलो ते कळतं. वरचा गिलावा असतो बारा-पंधरा मिलीमीटरचा, तो वजन धरत नाही. प्लग त्याच्या मागच्या विटेत बसला पाहिजे, नाहीतर डब्यांसकट फळी एखाद्या रात्री खाली.

आत काय आहे ते धूळ सांगते. सुरुवातीला राखाडी येते तो गिलावा, मग विटकरी लाल यायला लागली की समजायचं योग्य जागी आहोत. राखाडीच येत राहिली आणि बिट हटून बसलं तर ते काँक्रीट, म्हणजे कॉलम किंवा बीम. आणि बिट लोखंडावर किंचाळलं तर सळई लागली. तिथे जोर करायचा नाही, भोक सोडून द्यायचं आणि बाजूला सरकायचं. स्विचबोर्डच्या किंवा नळाच्या सरळ वर, खाली वा आडव्या रेषेत ड्रिल मारूच नये, कारण वायरी आणि पाईप भिंतीत सहसा तशाच सरळ गेलेले असतात. धुळीसाठी आईनं एक युक्ती केली: लग्नपत्रिकेचं जुनं पाकीट उघडून भोकाच्या खाली चिकटवलं. सगळी लाल धूळ त्यात. हे मला अमेरिकेत अकरा वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

फळी बसली आणि मी रेग्युलेटरकडे वळले. खरं घाबरायचं काम हे होतं आणि मला ते सगळ्यात सोपं वाटत होतं.

अमेरिकेतल्या घरात काळी वायर करंटची, पांढरी न्यूट्रलची, हिरवी किंवा नुसतं उघडं तांबं अर्थिंगचं. आपल्याकडे लाल, पिवळी किंवा निळी फेजची, म्हणजे करंटची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. म्हणजे तिकडे जिच्यापासून जपायचं ती काळी इकडे न्यूट्रल. हे मला पाठ होतं, तेवढी मी हुशार. एमसीबी (मेन बोर्डवरचा वीज तोडणारा खटका) पाडला, बोर्ड उघडला, तर आत चार वायरी. चारही काळ्या.

मुकाट्यानं मामांना फोन केला. ते आले, आत बघितलं आणि म्हणाले, "त्या वेळी काळ्याचं बंडल शिल्लक होतं, ताई. तेच ओढलं." ओढणारे अर्थात तेच.

तर रंगावर जाऊ नका, विशेषतः जुन्या घरात. एमसीबी बंद केल्यावर टेस्टर लावायचा, पण टेस्टर लावण्याआधी तोच टेस्टर चालू असलेल्या सॉकेटमध्ये घालून पेटतो का ते बघायचं, आणि वायर तपासून झाल्यावर पुन्हा एकदा. टेस्टर बिघडला असेल तर तो सगळ्याच वायरींना 'मेलेली' म्हणणार. भर उजेडात त्याचा निऑन दिवा नीट दिसतही नाही. जरा पैसे घालून मल्टिमीटर घ्या. आणखी एक: काही जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. बटण बंद, दिवा बंद, होल्डरमध्ये मात्र करंट. बल्ब बदलतानाही मेन बंद करायचं कारण हे.

मामा काम करत होते तेव्हा मी शेजारी स्टुलावर बसले. वायरीचं टोक त्यांनी स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वळवलं. मी विचारलं, उलटं वळवलं तर? "स्क्रू आवळताना वायर बाहेर ढकलली जाते. अशी वळवली की आत ओढली जाते." नळाला टेफलॉन टेप गुंडाळायचा नियम हाच आहे. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेनं गुंडाळायचा, अगदी पुढचा आटा मोकळा ठेवायचा. उलटा गुंडाळला तर आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येतो आणि दोन दिवसांत थेंब सुरू.

नळाची गोष्ट तशी छोटी, पण लाजिरवाणी. ओहायोत प्रत्येक सिंकखाली स्वतंत्र कॉक असतो, तो बंद केला की काम सुरू. इथे बाथरूमचा कॉक बहुधा १९८६ पासून कोणी फिरवलाच नव्हता. मी पाना लावला, बाबांनी हात धरला. जाम झालेला कॉक जोरानं फिरवला की तुटतो, मग पाणी थांबवायला काहीच उरत नाही. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करणं आलं, त्यासाठी आमच्या लाईनच्या तिन्ही मजल्यांना आदल्या संध्याकाळी सांगणं आलं, आणि सकाळी उठून बादल्या भरून ठेवणं आलं. नळ उघडायला पाच मिनिटं लागली, तयारीला पंधरा तास.

जुन्या फिरकीच्या नळात रबरी वायसर झिजतो, तो बदलला की काम झालं. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात मात्र वायसर नसतो, सिरॅमिकच्या चकत्या असतात आणि अख्खी काडतुसासारखी नळी बदलावी लागते. दोन्हीसाठी जुना तुकडा खिशात घालून बोहरी आळीत जा. मी नुसता फोटो घेऊन गेले होते. काउंटरवरच्या काकांनी फोटोकडे ढुंकूनही बघितलं नाही. "जुना आणलाय?" नव्हता. रविवार पेठेतून रिक्षानं घरी आणि परत. दुसऱ्या खेपेला त्यांनी वायसर चिमटीत धरला, एक डबा उघडला, तसाच काढून दिला. एकच. तिकडे पंचवीसचं पाकीट घ्यावं लागलं असतं आणि त्यातले चोवीस मी अजून सांभाळत बसले असते.

हौसेनं आणलेला अमेरिकन शॉवर तसाच परत नेला. अर्ध्या इंचाच्या आट्यांची संख्या दोन्ही देशांत सारखीच, इंचाला १४. पण आपल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि त्यांच्या आट्याचा ६०. त्यामुळे तो सुरुवातीला छान फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि मग गळतो.

ओलीबद्दल माझं मत ठाम आहे: पाणी कुठून येतंय ते कळेपर्यंत भिंतीला ब्रश लावू नका. रंगारी पुट्टी ओढून देतो, दिवाळी निघते, पुढच्या पावसाळ्यात पोपडे. आम्ही डागावर प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून दिवसभर ठेवला. दुसऱ्या दिवशी थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला होते, म्हणजे पाणी भिंतीतूनच येत होतं. ते खोलीकडच्या बाजूला असते तर खोलीतली दमट हवाच गार भिंतीवर ओलावा धरतेय असं समजलो असतो. मग वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या बाथरूममध्ये जाळीचं तोंड बंद करून निळीचं पाणी भरून ठेवलं. रात्रीत आमच्या छताला निळसर कडा आली. वहिनी स्वतः खाली येऊन बघून गेल्या, त्यामुळे पुढचं बोलणं भांडणाशिवाय पार पडलं. टाईल्सचे सांधे भरून घ्यायचं ठरलं. ते काम मामांचं, माझं नाही.

खिडक्यांच्या ग्रिलचा जुना ऑईलपेंट मी घासायला घेणार होते, तो सोडून दिला. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग शिसं) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, म्हणजे १९८६ च्या ग्रिलवर काय असेल ते समजून घ्या. कोरडं घासून त्याची धूळ नाकात घालण्यापेक्षा ओला पॉलिशपेपर, मास्क आणि लहान मुलं दुसऱ्या खोलीत. गॅसची पाईप, विजेचा मीटर आणि मीटरच्या आधीचं काही, गीझरची वायरिंग, खिडकीबाहेर लोंबकळून करायचं कुठलंही काम, यांना मी तिकडेही हात लावत नाही.

जाताना एक काम मामांकडून आग्रहानं करून घेतलं. तिकडे बाथरूम आणि स्वयंपाकघरातल्या सॉकेटवरच 'टेस्ट' आणि 'रिसेट' अशी दोन बटणं असतात. पाच मिलीअँपियरच्या आसपास करंट भलतीकडे गेला की सॉकेट बंद. आमच्या फ्लॅटमध्ये असं काहीच नव्हतं, म्हणून मेन बोर्डवर ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (करंट भलतीकडे गेला की वीज तोडणारा खटका) बसवली. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं, असं बाबांना दोनदा समजावलं आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी खूण केली.

गेल्या रविवारी आईचा फोन आला. मालिका अगदी रंगात आलेली असताना घरात अंधार झाला म्हणे, आणि बाबा बोर्डासमोर उभे राहून म्हणत होते, "चालतंय हं."