मारका बैल कोण घेते?

सरकी ढेपेच्या, म्हणजे सरकीचं तेल काढून उरलेल्या जनावरांच्या खाद्याच्या पोत्यावर बैल पाहिजे, एवढंच काम होतं. पोळ्याच्या आधी नवीन पोत्यातला माल दुकानांत लागला पाहिजे म्हणून मिलचे मालक सकाळी सकाळी येऊन बसले, चित्रही सोबतच आणलेलं, भाच्यानं मोबाईलवर एआयकडून काढून घेतलेलं. बैल म्हणजे काय बैल! अंगावर जिमवाल्या पोरासारखे गोळे, डोळे लालबुंद, नाकातून धूर, एक पाय उचललेला आणि मान खाली घालून थेट आपल्याच अंगावर येतोय. शेअर मार्केट वर गेलं की टीव्हीवर दाखवतात तोच, फक्त सोनेरीचा तपकिरी केलेला. मालक जाम खूश. "पावर दिसली पायजे भाऊ," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी-कारंजा-आष्टीच्या पट्ट्यात पोती, पाकिटं, डबे यांची डिझाईन करतो. माझी एक सवय आहे, छपाईची प्लेट बनवायला टाकायच्या आधी खऱ्या साइजचा प्रिंट काढून पोत्यावर चिकटवायचा आणि ते पोतं एखाद्या ओळखीच्या कृषी केंद्रात दारापाशी ठेवून आपण बाजूला चहा पीत बसायचं. कोणाला काही विचारायचं नाही. लोक आपणच बोलतात, आणि आपल्याकडे जनावराचं चित्र दिसलं की न बोलता पुढे जाणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

त्या दिवशी तर गर्दीच जमली. पहिल्यानं बघितलं आणि हसला, "हा तं मारका दिसते बापा." दुसरा म्हणे, "मारका बैल कोण घेते? बजारातून तसाच वापस येते तो." मग सुरूच झालं. वेसण कुठी हाये याले? खांदा पाय ना, घट्टा नाई, जू कधी पायलंच नाई यानं. एक म्हातारे जरा वाकून खालून बघून म्हणाले, "बैल कायचा, सांड हाये हा," आणि सगळे फिदीफिदी हसले. शिंगांवर तर मोठी चर्चा झाली, कारण चित्रात लांबलचक मागे वळलेली खिल्लारी शिंगं होती. ते जनावर सोलापूर-सांगली साइडचं. इकडची जात गवळाऊ. शिंगं आखूड, टोकाला बोथट, थोडी मागे कललेली. "शिंगं तिकडून आणले, धड जिममधून आणलं," असं एक पोरगं बोललं आणि मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं.

मला त्यातली मारक्याची गोष्ट लई पटली. चित्रवाल्यांच्या डोक्यात ताकद म्हणजे राग, हे इतकं पक्कं बसलंय की जनावर काढलं की दात नाहीतर शिंगं पुढे येतातच. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर नाग, वाघ, विंचू चालतो, तिथं भीतीच विकायची असते. पण जे जनावर आपल्या गोठ्यात बांधायचं, ज्याच्या पायाशी लेकरं खेळतात, ते गरीबच पाहिजे. बैल बाजारात पाठीवर हात फिरवल्यावर जो उसळतो त्याचा भाव तिथल्या तिथं पडतो, आणि आपण तोच उसळणारा बैल पोत्यावर छापून ढेप विकायला निघालो होतो.

आणि हे चित्र काही शोभेचं नसतं. काडेपेटी, उदबत्ती, तंबाखू, सगळं आपल्या आज्यांनी छाप सांगूनच घेतलं, नाव कोण वाचत होतं? १९५२ च्या निवडणुकीत काँग्रेसची बैलजोडी त्याचसाठी होती, १९६९ च्या फुटीपर्यंत चालली, मग इंदिरा गांधींचं गाय-वासरू आलं. आता निवडणूक आयोग नवीन पक्षांना प्राण्यांची चिन्हं देत नाही. दुकानात मात्र अजूनही "ते बैलवालं पोतं दे" असंच चालतं.

दुपारी मालकांनाच गाडीवर बसवलं आणि कारंज्याकडच्या एका गावात ओळखीच्या काकाजींच्या गोठ्यावर नेलं. हेटीकुंडीला गवळाऊचं सरकारी प्रक्षेत्र आहे, त्यामुळे त्या बाजूला हे जनावर अजून बऱ्यापैकी दिसतं. काकाजींनी बैल सोडला आणि मला म्हणाले, "काढ, मी सांगतो." मी वहीत काढतोय, ते काडीनं दाखवतायत. तोंड लांब आणि अरुंद, कपाळ वर जाता जाता मागे झुकलेलं. डोळा बदामासारखा. अंग पांढरं, पण मानेवर आणि वशिंडावर राखाडी झाक, ती नाही काढली तर गाय वाटेल म्हणे. शेपटी आखूड. उभा एका बाजूनं काढायचा, समोरून नाही, कारण समोरून फक्त मारायला येणारा दिसतो, घेणारा माणूस जनावर बाजूनं पाहतो.

हे चालू असताना त्यांची सून धार काढायचं भांडं घेऊन आली, वहीत डोकावली आणि म्हणाली, "ढेप गाईले चारतो आमी, अन् पोत्यावर बैल कायले?" मालक म्हणाले, पोळा आहे ना ताई. ती म्हणाली, "पोळा एक दिवस. धार दोन टाइम." सरकीच्या ढेपेनं दुधाचं फॅट वाढतं म्हणून तर ती विकली जाते, डेअरीत भाव फॅटवर मिळतो, हे मालकांनाच सगळ्यात जास्त माहीत. काकाजी बैलाच्याच बाजूचे. तिथं चांगलाच वाद झाला, मी गाईचंही एक स्केच करून घेतलं, कास नीट दिसेल असं.

पुढची अडचण वेगळीच, पांढरा बैल पांढऱ्या पोत्यावर काढायचा कसा, आणि बजेट दोनच रंगांचं. विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यावर रबरी प्लेटनं छापताना बारीक रेघ तुटते, बारीक ठिपके भरून जातात, म्हणजे राखाडी छटा वगैरे विसरा. शेवटी मागे सगळा हिरवा भरला आणि बैलाच्या जागी पोतं कोरं सोडलं. पोत्याचा पांढरा तोच बैलाचा पांढरा. मानेवर आणि वशिंडावर काळ्या जाड तिरप्या रेघा मारल्या, त्या लांबून राखाडी दिसतात. वेसणीला आणि डोळ्याला काळा, बस. धूर गेला, गोळे गेले. मालक दोन दिवस कुरकुरले की पावर कमी झाली.

गाय सोडायला ते तयार नव्हते, बैलही. म्हणून पुढे बैल आणि मागे गाय, दुसऱ्या बाजूच्या प्लेटा वेगळ्या कराव्या लागल्या, खर्च वाढला, त्यावर घासाघीस झालीच. पोळ्याला दुकानांत बैलाची बाजू समोर होती. परवा आर्वी रोडच्या दुकानात गेलो तर ५० किलोच्या पोत्यांची सगळी थप्पी फिरवून गाय समोर केलेली. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, पैसे आता बाया देतात, त्यायलेच दिसली पायजे.